गोधडीतलं पातेलं

खाली राहणाऱ्या ओमानी बाईंनी एकदा लिफ्टमध्ये मला विचारलं, तुमच्याकडून कसला छान वास येतो? मी कॉफी भाजत होते असं ठोकून दिलं. त्यांना ते पटलं, कारण त्यांच्या घरी कहव्यासाठी कॉफी भाजली जायचीच. "कधीतरी पाजा," असं म्हणून त्या उतरल्या. मी पुढचे तीन मजले दात-ओठ खात वर गेले. भाजत होता माझा नवरा, आणि कॉफी नव्हे, जव. आमच्या पोळ्यांचा तवा आणि माझी लोखंडी कढई, दोन्हींचं वाटोळं करून.

त्याला काळी बियर करायची होती. कुठल्याशा थंड देशात ट्रेनिंगला गेला असताना त्याने ती प्यायली होती, त्याला कितीतरी वर्षं झाली. मधल्या काळात तिची आठवण त्याने एकदाही काढली नव्हती. ती निघाली त्या वर्षी दिवाळीनंतर, आणि का निघाली ते मला चांगलं ठाऊक होतं.

मस्कतमध्ये कुरुमच्या ऑफिसात तो खरेदी विभाग सांभाळायचा. पंप, व्हॉल्व, गॅस्केट कुठून आणायचं, कुणाला किती घासायचं, सगळं त्याला तोंडपाठ. मग कंपनीने सांगितलं की ही जागा आता ओमानी माणसाला द्यायची आहे. त्यात गैर काही नव्हतं, देश त्यांचा. नवा तरुण हुशार होता आणि वागायला गोड होता. माझ्या नवऱ्याने त्याला मन लावून शिकवलं, आणि दिवाळीपर्यंत स्वतःसाठी ऑफिसात एक खुर्ची आणि एक चहाचा कप एवढंच उरलं. काँट्रॅक्ट मे-अखेरपर्यंत होतं. तोवर रोज इस्त्रीचा शर्ट घालून जायचं, खुर्चीत बसायचं आणि परत यायचं. मुलगी पुण्याला हॉस्टेलवर होती. घरी आम्ही दोघंच. तो बोलत नसे आणि मी दोघांच्या वाटचं बोलत असे.

मस्कतपासून दोन तासांवरच्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा एक मित्र होता, मूळचा डोंबिवलीचा, तिथल्या एका कारखान्यात इंजिनियर. त्या कारखान्याला खरेदीसाठी माणूस हवा होता. मित्राने मुदीरशी, म्हणजे त्यांच्या मॅनेजरशी, बोलून ठेवलं होतं. फक्त एक फोन करायचा होता. "तू स्वतः कर, माझ्या तोंडून बरं दिसत नाही," एवढंच मित्राचं म्हणणं. नवरा म्हणायचा, बघू. मी आठवण केली की म्हणायचा, "आधी ही बियर एकदा जमू दे, मग सोहारचं बघतो."

आता बियरचा आणि फोनचा संबंध काय? पण माणूस खचला की त्याचं असंच होतं. वर्षभर हातून काही धड घडलेलं नाही, तर एक तरी गोष्ट आपल्या हातून नीट व्हावी आणि मग जगाला तोंड दाखवावं, असं त्याला वाटत असणार. हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून राग येत नव्हता असं मात्र नाही. मे महिना बियरसाठी थांबणार नव्हता.

आणि परमिटवर दुकानातून विकत आणायची मुभा असली तरी घरी बियर करायला तिथे परवानगी नाही. मी इंडियन स्कूलमध्ये अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. उद्या कुणाला कळलं तर काय, हे मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं. "कोण बघतंय?" तो म्हणाला. म्हणून मग लिफ्टमध्ये थापा मारायची पाळी माझ्यावर आली.

जव तो रुस्ताक गावच्या बाजारातून आणायचा, जनावरांच्या चाऱ्याच्या दुकानातून. ते रात्रभर भिजत घालून माझ्या सुती ओढणीत बांधायचे. मटकीला आणतो तसे त्यांना मोड आणायचे, मग गच्चीत उन्हात कडकडीत वाळवायचे आणि चोळून मोड काढायचे. यातले बरेचसे तसेच ठेवायचे आणि थोडे कढईत काळेकुट्ट होईपर्यंत भाजायचे. बियरचा काळा रंग त्यांचाच. मग सगळं मिक्सरवर भरड काढून गरम पाण्यात तासभर ठेवायचं. त्या तासात धान्यातल्या पिठाची साखर होते. ती झाली तर पुढे सगळं, नाही तर नुसतीच पेज. त्यासाठी त्याने गणपतीच्या महाप्रसादाचं मोठं पातेलं मंडळाकडून मागून आणलं होतं. गरम राहावं म्हणून ते सासूबाईंनी शिवलेल्या गोधडीत गुंडाळून हॉलच्या कोपऱ्यात ठेवायचा. दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीला, आमच्या हॉलमध्ये ते आजारी माणसासारखं पांघरूण घेऊन बसायचं. पुढचं गाळणं, उकळणं, आतेभावाने इंग्लंडहून पाठवलेली हॉप्सची कडू फुलं घालणं, यीस्ट टाकून कॅन एसीच्या खोलीत ठेवणं, हे सगळं त्याला बरं जमत होतं. अडत होतं ते गोधडीत.

पहिली बियर आंबट झाली. नुसती आंबट असती तरी चाललं असतं. पण घशाखाली उतरल्यावर जळकट तुरटपणा जिभेवर रेंगाळायचा आणि अंगात काही जोरच नाही, पाणचट. दुसरी तशीच. त्याने दोन्ही कॅन बाथरूममध्ये ओतले आणि संध्याकाळभर दार लावून बसला. मला वाटलं, खलास, सुटलो. पण बाहेर आला तो मोबाईल हातात घेऊन. "पीएचची भानगड आहे," म्हणाला.

पीएच. म्हणजे आम्ल किती आणि अल्क किती याचं माप. दरवर्षी शंभरेक मुलांच्या डोक्यात मी हे घालते. मला वाटलं, आता तरी हा माझ्याकडे येईल. कुठचं काय. तो सोहारच्या मित्राकडे गेला. दोघांनी मिळून इंटरनेटवर वाचलं की पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर मिश्रणाचा पीएच चढतो, मग चव बिघडते, त्यासाठी आम्ल घालावं. आणि पाणी जड आहे हे तर जगजाहीर होतं. आखातातलं पाणी जडच असतं ना? मस्कतच्या कुठल्याही हळदीकुंकवाला जा. वाण लुटून झालं की बायका आधी केसांवर येतात. इथल्या पाण्याने माझी वेणी गेली, इथल्या पाण्याने माझा भांग रुंदावला. आमच्या बाथरूमच्या शॉवरलाही मी जड पाण्यासाठी फिल्टर लावलेला होता. तेव्हा निदानाबद्दल घरात मतभेद नव्हता. उपाय ठरला, लिंबू.

भांडण झालं ते मोजण्यावरून. आधी त्याने रंग बदलणाऱ्या पट्ट्या आणल्या. त्या काळ्या पाण्यात बुडवल्या की काळ्याच व्हायच्या. तरी हा खिडकीपाशी नेऊन, डोळे बारीक करून, "जरा पिवळसर वाटते ना?" असं मला विचारायचा. मग शाळेतला मीटर आण म्हणून मागे लागला. शाळेचा मीटर बियरसाठी? मी त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानातून त्याने पेनासारखा एक मीटर आणला आणि तो सरळ वाफाळत्या पातेल्यात खुपसला.

"अरे, वाटीत काढ, गार कर, मग बुडव," मी म्हणाले. "गरम पाण्यात आकडा वेगळा येतो. आणि टोकाची काच खराब होईल."

"त्याच्यावर ऑटोमॅटिक लिहिलंय."

"ऑटोमॅटिक म्हणजे तो स्वतःची चूक सुधारतो. तुझी नाही."

"तू ना, प्रत्येक गोष्टीत मास्तरीण होतेस."

मास्तरीण आहेच मी. त्यावरच घरभाडं जायची वेळ येणार होती, पण ते मी गिळलं. दोन शुक्रवारांत त्या मीटरने राम म्हटला. मेला तोही शहाण्यासारखा नाही. काहीही बुडवा, साडेसहाच्या आसपास दाखवायचा. चहातही साडेसहा. मी तो चहात बुडवून त्याला दाखवला. तरी त्याने त्याच आकड्यावर विश्वास ठेवून अख्खी तीन लिंबं पिळली. ती बियर इतकी आंबट झाली की डोंबिवलीकराने पहिला घोट घेऊन मान हलवली आणि "सोलकढीसारखं काहीतरी," एवढंच म्हणाला. त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं. नवऱ्याने ग्लास उचलला, सिंकमध्ये ओतला आणि त्या रात्री जेवला नाही. सोहारच्या जागेचा विषय मित्राने काढला होता, तोही तिथेच थांबला.

मग नवा मीटर आला. या वेळी मी त्याच्या हाताला तो लागू दिला नाही. शाळेतून येताना बफरच्या पुड्या विकत आणल्या, त्यांच्या पाण्यात मीटर नीट जुळवला, पुढच्या शुक्रवारी वाटीत नमुना काढून पंख्याखाली गार केला आणि मगच बुडवला. चार पूर्णांक सहा, म्हणजे आम्ल आधीच जास्त. हवा होता पाचच्या वर, साडेपाचच्या आत. मी आकडा त्याच्यासमोर धरला.

"हा पण बिघडलेला निघाला," तो म्हणाला, आणि लिंबू पिळलं.

मला आयुष्यात इतका हताश राग क्वचित आला असेल. वर्गात एखादं मूल चुकलं तर त्याला विचारता येतं, कसं आलं हे उत्तर, दाखव. नवऱ्याला कसं विचारणार? त्याच्याकडे उत्तर आधीच होतं, आकडे फक्त त्याला जमवून घ्यायचे होते. आणि खरं सांगायचं तर मीही गोंधळले होते. पाणी जड, तर पीएच इतका खाली कसा?

ते कोडं शाळेत सुटलं. बारावीच्या चार मुलींनी प्रोजेक्टला विषय घेतला होता, केस गळणे आणि पाण्याचा जडपणा. विषय त्यांच्या आयांनी दिला असणार हे उघड होतं. घरच्या नळाचं पाणी त्यांनी बाटल्यांत आणलं होतं. एकीच्या वडिलांनी रुस्ताकहून विहिरीचंही आणलं. ते तपासताना लाल पाण्यात थेंब थेंब औषध सोडायचं, जडपणा संपला की रंग निळा होतो. रुस्ताकच्या पाण्याला औषधाची नळी, ब्युरेट, रिकामी होत आली. नळाच्या पाण्यात मुलीने तोटी जेमतेम उघडली आणि ते निळं झालं. तिने दचकून माझ्याकडे पाहिलं. "मॅम, मी काहीतरी राँग केलं का?" मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा निळं.

अर्थातच. मस्कतच्या नळाला समुद्राचं पाणी येतं, क्षार काढून गोडं केलेलं. टँकरवर सुद्धा गोडं पाणी असंच लिहिलेलं असतं आणि आम्ही रोज त्या टँकरच्या मागे सिग्नलला उभे असतो. घरी येऊन मी इलेक्ट्रिक किटली उघडून पाहिली. पुण्याला आमच्या बोअरच्या पाण्याने किटलीला चार महिन्यांत पांढरी खपली धरायची. ही इतक्या वर्षांत आतून लख्ख होती. रोज सकाळी तिच्यात पाणी ओतत होते मी.

म्हणजे आमच्या पाण्यात आम्ल झेलायला काहीच नव्हतं. आणि काळे भाजलेले जव स्वतःच आम्ल सोडतात. ते बिचारं पाणी आधीच खाली घसरत होतं आणि त्यावर हा लिंबं पिळत होता. लागणार होतं ते उलटं, अल्क. आणि ते फडताळात, ढोकळ्याच्या पिठाशेजारी डब्यात होतं. खायचा सोडा.

मी हे त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. कागदावर लिहून सांगितलं. माझी चूक झाली असेल तर ती इतकीच की माझा आवाज वर्गातला लागला.

"आखातातलं पाणी जड नाही?" तो म्हणाला. "मग तुझे केस का गळतात?"

"तुझ्यामुळे."

तो हसला नाही. "तू शाळेत शिकवतेस. हे वेगळं आहे. ऑफिसात तो पोरगा मला शिकवतो, मित्र येऊन शिकवतो, आता घरात तू. एक गोष्ट मला माझी करू दे."

कागद मी चुरगाळून टाकला. पण मार्च उजाडला होता, सोहारची जागा कुणी राखून ठेवणार नव्हतं, आणि हा माणूस दर शुक्रवारी स्वतःच्या हाताने स्वतःची बियर नासवणार आणि दर शुक्रवारी आणखी थोडा खचणार, हे माझ्याच्याने बघवेना.

पुढच्या शुक्रवारी त्याने सगळं नेहमीसारखं केलं. लिंबू पिळलं, झाकण लावलं, गोधडी गुंडाळली आणि आंघोळीला गेला. शॉवर सुरू झाल्याचा आवाज आला तशी मी उठले. गोधडी सोडली, झाकण काढलं आणि चमचाभर सोडा टाकून ढवळलं. फस्सकन काळा फेस वर आला, मी घाबरून ढवळतच राहिले. फेस बसल्यावर वाटीत थोडं काढून फ्रीजरमध्ये गार केलं आणि मोजलं. अजून पाचला पोचत नव्हतं. आणखी अर्धा चमचा. पुन्हा वाटी, पुन्हा फ्रीजर. पाच पूर्णांक चार. तोवर शॉवर थांबला होता. गोधडीची गाठ त्याच्यासारखी मारून मी पेपर घेऊन बसले. चोरी करायची ती स्वतःच्या घरात, स्वतःचा सोडा.

तास झाल्यावर त्याने वाटीत नमुना काढला. गार केला, मग मीटर बुडवला. मी पेपरच्या वरून बघत होते. तो बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला.

"किती?" मी विचारलं.

"पाच चार."

"अरे वा."

"हं," तो म्हणाला. "या वेळी मीटर बरोबर चाललाय."

मी पेपरचं पान उलटलं. दुसरं काय करणार?

पाडवा झाला, त्यानंतर एका शुक्रवारी डोंबिवलीकर आला. नवऱ्याने बाटली उघडली. पेल्यात वर तपकिरी फेस, खाली काळीभोर बियर. मित्राने एक घोट घेतला, मग दुसरा घेतला, आणि मग पेला खाली ठेवून म्हणाला, "जमली रे." मीही चाखली. मला बियरमधलं कळत नाही, पण त्यात आंबट काही नव्हतं. भाजल्या धान्याची खमंग चव होती आणि ती तोंडात भरून राहत होती.

"काय केलंस वेगळं?" मित्राने विचारलं.

"भाजण्यात असतं सगळं," नवरा म्हणाला. "आच मंद ठेवली. आणि लिंबाचा अंदाज आला आता."

मी कोथिंबीरवड्यांची बशी टेबलावर आपटली. दोघांनी वर पाहिलं. "गरम आहेत," मी म्हणाले आणि आत गेले. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी डब्यातल्या सोड्याकडे बघत उभी राहिले. बाहेर तो आच कशी ओळखावी हे समजावून सांगत होता. कितीतरी महिन्यांनी त्याचा आवाज मोठा झाला होता. मी बाहेर जाऊन खरं सांगितलं असतं तर तो आवाज तिथल्या तिथे बसला असता. ते माझ्या हातात होतं, आणि म्हणूनच राग जास्त येत होता.

रविवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळी मी शाळेला निघाले तर तो बाल्कनीत उभा राहून फोनवर बोलत होता. ऑफिसातला त्याचा जुना आवाज, थोडा घाईचा, समोरच्याला घोळात घेणारा. मधेच इन्शाल्ला म्हणाला, मग हसला. मुदीरशीच बोलत होता. मी खाली येऊन गाडीत बसले आणि लगेच गाडी सुरू केली नाही. मला फार बरं वाटलं. रागही तसाच होता. दोन्ही एकदम असू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

जूनमध्ये तो सोहारला गेला. माझी शाळा मस्कतला, म्हणून मी घुब्र्याला आमच्या त्याच घरात राहिले. गुरुवारी रात्री तो यायचा किंवा मी जायची. पातेलं मंडळाला परत गेलं. त्याने तिकडे स्वतःचं घेतलं, गोधडी मात्र मागून नेली. सोड्याबद्दल मी कुणाकडे अवाक्षर काढलं नाही, बहिणीकडेही नाही, आणि हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

मग एका शुक्रवारी पेपर तपासायचे म्हणून मी गेले नाही. दुपारी त्याचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"अगं, किती टाकला होतास?"

"काय?"

"सोडा."

मी लाल पेन खाली ठेवलं.

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी. तू वाट्या फ्रीजरमध्ये विसरली होतीस."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ती बियर तुझी झाली असती," तो म्हणाला. "मग मी मुदीरला फोन केला नसता."

मला खूप बोलायचं होतं. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं. लिंबं, चहातला मीटर, भाजण्यात असतं सगळं. पण तिकडे पातेलं गार होत होतं.

"दीड चमचा," मी म्हणाले. "सपाट. आधी एकच टाक, मग मोज. आणि वाटीत काढून गार कर."

"केलंय गार," तो म्हणाला.